सहाशे पंचवीस मीटर

गणित सोपं होतं. नववीचं.
ताशी नव्वद किलोमीटरनं धावणारी एक आगगाडी,
ब्रेक लावल्यावर ऋण त्वरण अर्धा,
तर थांबेपर्यंत ती किती अंतर कापेल? किती वेळ घेईल?
रूळ सरळ आहे असं समजा.

अजनीच्या क्वार्टरमध्ये कूलर घरघरत होता.
मी नव्वदचे पंचवीस केले, मीटर दर सेकंदाला.
पंचविसाचा वर्ग, भागिले दोन गुणिले अर्धा.
सहाशे पंचवीस मीटर.
वेळ पन्नास.
खाली पट्टीनं दोन रेघा ओढल्या.

बाबा नुकतेच ड्यूटीवरून आलेले.
लाइन बॉक्स दाराशी,
एक मोजा पायात, एक हातात.
"दाखव," म्हणाले.
सही सोडली तर वही कधी मागितली नव्हती त्यांनी.

बराच वेळ बघत राहिले.
"बरोबर हाये. डबे भरले असन तर थोडं जास्त."
मग कूलरकडं बघत,
"अन् माणूस चारशेवर दिसला तर?"

पुस्तकात माणूस नव्हता.
पुस्तकात गाडी होती, रूळ होता,
आणि गाडीलासुद्धा बिंदूच समजायचं होतं.

तरी मी केलं,
शेवटच्या पानावर, जिथं आम्ही फुली-गोळा खेळायचो.
सहाशे पंचवीस वजा चारशे.
दोनशे पंचवीसचं वर्गमूळ पंधरा.
म्हणजे त्याच्यापाशी पोचतानाही गाडीत
पंधरा शिल्लक.
"ताशी चोपन्न," बाबा म्हणाले,
माझा गुणाकार व्हायच्या आधी.
आणि तिथवरचा वेळ?
पंचवीसमधून पंधरा गेले, भागिले अर्धा.
वीस सेकंद.

"वीस," बाबा म्हणाले.
"मले वाटे, दोन असतीन."

गुमगाव सुटल्यावर, बुटीबोरीच्या अलीकडं,
दुपारची पॅसेंजर,
ऊन असं की रूळ लांबवर पाण्यासारखे हलताना दिसत होते.
आणि त्या पाण्यात एक माणूस बसलेला,
गाडीकडं पाठ, मांडीवर डबा उघडा.

ब्रेक शेवटपर्यंत ओढला
की ड्रायव्हरला काही काम उरत नाही.
हॉर्न वाजवायचा. तो कुंभरे काका वाजवत होते.
हात रिकामे.
दर सेकंदाला अर्धा, दर सेकंदाला अर्धा,
गाडी आपला वेग सोडत जाते
अगदी इमानदारीनं,
उसने पैसे हप्त्यानं फेडणाऱ्या माणसासारखी,
आणि समोरच्याला आजच हवे असतात.

"मंग?"
"मंग काय. उठला थो."
"कितव्या सेकंदाला?"
"अठराव्या धर."

डबा घेऊन उठला. झाकण तिथंच राहिलं.
खडीवर उतरून त्यानं वर बघितलं,
थेट बाबांकडं,
आपल्या फाटकासमोर कुणी सायकल आडवी लावली
की बघतात ना, तसं.

नंतरचे दोनशे पंचवीस मीटर
गाडी रिकाम्या रुळावरून गेली.
तेवढे तिला जावेच लागतात,
माणूस वाचला हे तिला कळवायची सोय नाही.
मग थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.
कुणीतरी विचारलं, चहावाला आहे का.
रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, सात मिनिटं उशीर.

"कधीची गोष्ट हाये ही?"
"तू व्हायच्या आधीची."
बाबांनी हातातला मोजा बॉक्सवर ठेवला,
दुसरा काढला,
आणि आंघोळीला गेले.
आत बादली भरत राहिली,
वाहून गेली तरी नळ चालूच.

सोमवारी उईके मॅडमनी वह्या तपासल्या.
शेवटचं पान त्यांनी उलटलं नाही.
अंतराला बरोबरची खूण.
वेळेपाशी मात्र लाल शाईनं गोल,
आणि बाजूला तिरकं लिहिलेलं,
पन्नास काय?
अर्धा गुण कमी.

सही करताना बाबांनी ते दोनदा वाचलं.
"बरोबर कापला," म्हणाले.